माउस बाजूला ठेवून: आयथ्री विंडो मॅनेजर शिकण्याचा क्रम

मुलुंडच्या आमच्या घरात माझं कामाचं टेबल म्हणजे शिलाई मशीनचं झाकण. लॅपटॉप ठेवला की बाजूला चार बोटं जागा उरते, तिथे माउस फिरत नाही. काम भाषांतराचं. मूळ पीडीएफ, मराठी मजकूर, शब्दकोश, संपादकांची मेल, या सगळ्या विंडो एकमेकींवर पडलेल्या असायच्या आणि टचपॅडवर बोट घासत मी त्या दिवसभर पुढे-मागे करायचे. भाचा म्हणाला, ‘मावशी, तू आयथ्री वापरून बघ, सगळं कीबोर्डवरून होतं.’ लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या थिंकपॅडवर मी ते शिकले. ज्या क्रमाने शिकायला हवं होतं असं आज वाटतं, तो क्रम इथे देते.

आधी हे आहे काय ते. लोकलच्या सेकंड क्लासमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, म्हणतो ‘जरा सरकून घ्या’, आणि तिघंही सरकतात. कुणी कुणाच्या मांडीवर बसत नाही. टायलिंग विंडो मॅनेजर स्क्रीनवर हेच करतो. नवी विंडो उघडली की आधीच्या सरकतात आणि पडदा भरून राहतो. एकीखाली दुसरी दडत नाही. आयथ्री हा त्यातला एक, मिखाएल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला, लिनक्सवर चालणारा आणि मोफत. अशाच दुसऱ्या, डीडब्ल्यूएम नावाच्या विंडो मॅनेजरमध्ये साधा बदल करायलाही सी भाषेतला कोड बदलून पुन्हा कंपाइल करावा लागतो, तिसऱ्या, एक्समोनाडसाठी हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा वाचावी लागते. आयथ्रीची सगळी रचना एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. प्रोग्रामर नसलेल्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

एक खुलासा. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि स्मॉल लेटर्समध्येच करायच्या. आयथ्री म्हणजे ‘आय’ हे अक्षर आणि लगेच ३ हा आकडा, मध्ये जागा नाही.

बसवताना

सध्याचा डेस्कटॉप काढू नका. आयथ्री त्याच्या शेजारी बसतो आणि लॉगिनच्या वेळी कुठे जायचं ते तुम्ही निवडता. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची विंडो, उघडून ‘सुडो ऍप्ट इन्स्टॉल आयथ्री’ एवढी आज्ञा पुरते. मग लॉगआउट करा, पासवर्ड टाकायच्या पडद्यावर दातेरी चाकाचं चिन्ह शोधा, त्यातून आयथ्री निवडा आणि आत या.

पहिल्यांदा आत आल्यावर तो दोन प्रश्न विचारतो. एक, रचनेची फाइल तयार करू का? एंटर दाबा. दुसरा, मुख्य बटण कुठलं, विन की ऑल्ट? या बटणाला मॉड म्हणतात आणि पुढची प्रत्येक गोष्ट ते दाबून धरूनच होते. मराठीत टाईप करणाऱ्यांनी इथे डोळे मिटून विन निवडावं. आपल्यापैकी बरेच जण ऑल्ट-शिफ्टने इंग्रजी-मराठी बदलतात. ऑल्टलाच मॉड केलंत, तर शिफ्टसह असलेला प्रत्येक शॉर्टकट दाबताना भाषाही बदलत राहील.

त्यानंतर समोर येतो रिकामा पडदा आणि तळाशी एक बारीक पट्टी. आयकॉन नाहीत, मेन्यू नाही. बिघडलेलं काही नसतं, तो तसाच असतो. मात्र आत येण्यापूर्वी पुढची पाच बटणं कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा.

पहिले तीन दिवस: पाचच गोष्टी

मॉड आणि एंटर: टर्मिनल उघडतं.
मॉड आणि डी: वरच्या कडेला एक पट्टी येते, त्यात प्रोग्रामचं नाव लिहून एंटर.
मॉड आणि बाणाचं बटण: त्या दिशेच्या विंडोवर जा.
मॉड, शिफ्ट आणि क्यू: समोरची विंडो बंद.
मॉड, शिफ्ट आणि ई: आयथ्रीतून बाहेर.

तीन दिवस एवढंच. मी पहिल्याच संध्याकाळी वीस शॉर्टकट पाठ करायला बसले आणि दुसऱ्या दिवशी एकही आठवेना. ही पाठांतराची गोष्ट नाही. पोळी लाटताना हात जसा आपोआप वळतो तसं बोट वळायला हवं, आणि ते एका वेळी चार-पाच गोष्टींपलीकडे होत नाही.

बाणांऐवजी जे, के, एल आणि सेमीकोलन ही चार बटणंही चालतात. उजवा हात कीबोर्डवर जिथे टेकतो तिथेच ती आहेत: जे डावीकडे, के खाली, एल वर, सेमीकोलन उजवीकडे. व्हिम हा कीबोर्डवर चालणारा मजकूर-संपादक वापरणाऱ्यांना ती एका घराने सरकलेली वाटतात, कारण व्हिममधलं एच इथे दुसऱ्या कामाला लावलेलं आहे. व्हिमची सवय नसेल तर पहिला महिना बाणच वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

मांडणी: दिशा आधी, विंडो नंतर

नवी माणसं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

दोन टर्मिनल उघडा. आडव्या स्क्रीनवर ती शेजारी-शेजारी बसतील. आता उजव्या टर्मिनलच्या खाली तिसरं हवं आहे. साहजिकच आपण आधी तिसरं उघडतो आणि मग त्याला खाली ढकलायला बघतो. आयथ्रीत क्रम उलटा आहे. उजव्या विंडोवर जा, मॉड आणि व्ही दाबा, आणि मग मॉड आणि एंटर. व्ही म्हणजे ‘पुढची विंडो हिच्या खाली येऊ दे’. एच म्हणजे ‘पुढची विंडो हिच्या शेजारी’. विंडो उघडण्याआधी तिची जागा सांगायची. व्ही दाबल्यावर विंडोच्या खालच्या कडेचा रंग बदलतो, एच दाबल्यावर उजव्या कडेचा. पुढची विंडो कुठे येणार ते ती रंगीत कड दाखवते. ही कड माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. तुम्ही पहिल्या दिवशीच बघा.

विंडो चुकीच्या जागी गेली तर मॉड, शिफ्ट आणि बाण, ती सरकेल.

आतली रचना चाळीसारखी आहे. विंडो म्हणजे खोली, काही खोल्या मिळून मजला, मजले मिळून इमारत. उजवीकडच्या दोन विंडो हा एक मजला. त्यातल्या एका खोलीत असताना मॉड आणि ए दाबलंत की निवड खोलीवरून अख्ख्या मजल्यावर जाते, दोन्ही विंडोंभोवती रंगीत चौकट दिसते. आता मॉड, शिफ्ट आणि डावा बाण दाबा, दोन्ही एकदम सरकतील. हा धडा पहिल्या आठवड्यात नाही समजला तरी चालेल. पण ‘मी एक विंडो हलवली आणि तीन का हलल्या?’ असं झालं, तर उत्तर इथे आहे.

लहान स्क्रीनची खरी गरज वेगळी आहे. चौथी सीट सगळ्यांनाच अडचणीची होते. चौदा इंचांवर चार विंडो शेजारी आल्या की एकीतलंही धड वाचता येत नाही. तेव्हा मॉड आणि डब्ल्यू दाबा. त्या भागातल्या विंडो वहीच्या पानांसारख्या एकामागे एक जातात, वर त्यांच्या नावांचे टॅब राहतात, आणि डाव्या-उजव्या बाणाने पान उलटता येतं. मॉड आणि ई दाबल्यावर पुन्हा शेजारी-शेजारी. मी दिवसातला बराच वेळ असाच काढते: डावीकडे मराठी मजकूर, उजवीकडे टॅबमध्ये मूळ पीडीएफ आणि शब्दकोश. मॉड आणि एस हा त्याचाच उभ्या चवडीचा प्रकार आहे, मला त्याची गरज पडली नाही.

उरलेलं पटकन सांगते. मॉड आणि एफ म्हणजे समोरची विंडो पूर्ण पडदाभर, पुन्हा तेच दाबल्यावर पूर्ववत. मॉड, शिफ्ट आणि स्पेस म्हणजे ती विंडो मांडणीतून सुटून वर तरंगते. कॅल्क्युलेटर किंवा व्हिडिओ कॉलच्या छोट्या चौकटीसाठी हे बरं. मॉड आणि आर म्हणजे आकार बदलण्याची अवस्था. तिच्यात बाणांनी रुंदी-उंची कमी-जास्त होते आणि एंटर किंवा एस्केप दाबून बाहेर यायचं असतं. बाहेर यायचं विसरलं तर बाकीचे शॉर्टकट चालत नाहीत आणि कीबोर्ड बिघडला असं वाटतं. खालच्या पट्टीत ‘रिसाइझ’ लिहिलेलं दिसलं तर कारण तेच.

वर्कस्पेस: प्रत्येक कामाला कायमचा पत्ता

विंडोंची सुबक मांडणी बघून लोक आयथ्रीकडे येतात. माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई वर्कस्पेसमध्ये आहे.

मुलुंडहून दादरला रोज जाणाऱ्या बाईला विचारा, ती प्लॅटफॉर्मवर कुठे उभी राहते. तिची फरशी ठरलेली असते, कारण तिथे येणाऱ्या दारातून उतरलं की दादरचा जिना समोर येतो. ती डबा शोधत नाही. ऑल्ट-टॅब दाबून विंडोंच्या रांगेत आपली विंडो हुडकणं म्हणजे रोज प्लॅटफॉर्मभर धावणं आहे. मॉडसोबत १ ते ९ आणि ० दाबून आयथ्रीत दहा वेगळे पडदे, म्हणजेच वर्कस्पेस, मिळतात. त्यांचे पत्ते ठरवा आणि महिनाभर बदलू नका.

माझे असे आहेत: १ वर मराठी मजकूर, २ वर ब्राउझर, ३ वर मूळ पीडीएफ आणि शब्दकोश, ४ वर मेल, ९ वर गाणी. (एकाच मजकुरावर दिवसभर बसायचं असेल तेव्हा ३ वरच्या विंडो मी १ वर आणते, वर सांगितलेली टॅबची मांडणी तीच.) मॉड, शिफ्ट आणि आकडा दाबला की समोरची विंडो त्या पडद्यावर जाते. पंधरा दिवसांनी मेल बघायची असं मनात आलं की बोट ४ वर गेलेलं असतं.

हे पक्कं करायला रचनेची फाइल उघडावी लागते. होम फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाचं लपलेलं फोल्डर आहे, त्यात आयथ्री नावाचं फोल्डर, त्यात ‘कॉन्फिग’ ही फाइल. हात लावण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. फाइलमध्ये ‘सेट’ने सुरू होणाऱ्या दहा ओळी दिसतील, त्यांत डॉलरचिन्ह, डब्ल्यूएस१, आणि अवतरणचिन्हांत "१" असं इंग्रजी आकड्यात लिहिलेलं असेल. त्या अवतरणात आकड्यापुढे कोलन देऊन मराठीत ‘मजकूर’ लिहा. आकडा इंग्रजीच राहू द्या, नाव मराठी चालतं, आणि खालच्या पट्टीत ते दिसतं.

ठराविक प्रोग्राम ठराविक पडद्यावरच उघडावा म्हणून त्याचं आतलं नाव लागतं. टर्मिनलमध्ये ‘एक्सप्रॉप’ लिहून एंटर दाबा आणि त्या विंडोवर क्लिक करा. बरंच काही छापलं जातं. त्यात ‘डब्ल्यूएम, अंडरस्कोर, क्लास’ अशी कॅपिटल अक्षरांतली ओळ शोधा, तिच्यातलं दुसरं नाव तुमच्या कामाचं. मग फाइलच्या शेवटी नवी ओळ: ‘असाइन’, चौकटी कंसात ‘क्लास’, बरोबरचं चिन्ह, अवतरणात ते नाव (कॅपिटल-स्मॉल जसं छापलंय तसंच), कंस बंद, आणि पुढे वर्कस्पेसचं डॉलरवालं नाव. मॉड, शिफ्ट आणि सी दाबलं की फाइल पुन्हा वाचली जाते. चूक असेल तर पडद्यावर पट्टी येते आणि कुठली ओळ चुकली ते तिथूनच बघता येतं. घाबरायचं कारण नाही, उघडलेलं काम जसंच्या तसं राहतं.

आणखी एक ओळ मी सगळ्यांना घालायला सांगते: ‘वर्कस्पेस, ऑटो, बॅक, अँड, फोर्थ’ हे शब्द अंडरस्कोरने जोडून, पुढे जागा सोडून ‘यस’. तुम्ही १ वर असताना २ वर गेलात आणि पुन्हा २ च दाबलंत, तर परत १ वर येता. शब्दकोशात डोकावून मजकुराकडे परतणं इतकं सोपं होतं की भाषांतर करणाऱ्याने ही ओळ पहिल्याच दिवशी घालावी.

मराठी टाईप करताना

नेहमीच्या डेस्कटॉपवर भाषा बदलायची सोय तयार असते. आयथ्रीत ती आपण लावायची, आणि तिचा क्रम चुकला तर शॉर्टकटच बंद पडतात.

इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीवर लिहिणाऱ्यांसाठी आज्ञा अशी आहे: ‘सेटएक्सकेबीमॅप’, मग वजाचिन्ह लावून ‘लेआउट’, जागा सोडून ‘यूएस’ स्वल्पविराम ‘आयएन’, मध्ये जागा नाही. पुढे वजाचिन्ह लावून ‘ऑप्शन’, आणि ‘जीआरपी’ कोलन ‘ऑल्ट शिफ्ट टॉगल’, हे तीन शब्द अंडरस्कोरने जोडून. फाइलमध्ये या आज्ञेच्या आधी ‘एक्झेक’ आणि ‘ऑलवेज’ अंडरस्कोरने जोडून लिहा. फाइल पुन्हा वाचल्याने ही ओळ चालत नाही, त्यासाठी मॉड, शिफ्ट आणि आर दाबून आयथ्री जागच्या जागी नव्याने सुरू करावा लागतो. विंडो बंद होत नाहीत.

यात ‘यूएस’ पहिलं हवंच. आयथ्री शॉर्टकटची अक्षरं पहिल्या लेआउटवरून ओळखतो आणि तेच शॉर्टकट बाकीच्या लेआउटमध्येही चालू ठेवतो. इंग्रजी पहिली असली की मराठीत लिहितानाही मॉड आणि डी काम करतं. मी सुरुवातीला यूएस गाळून फक्त ‘आयएन’ दिलं होतं. अक्षरांचे सगळे शॉर्टकट गेले. मॉड आणि एंटरने टर्मिनल उघडलं, पण त्यात उमटायचं देवनागरीच, मग आज्ञा देणार कशी? असं झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागितलं जाईल आणि तिथे इंग्रजीच उमटेल. आत जाऊन कॉन्फिगमधली ती ओळ दुरुस्त करा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

लॉक झालेल्या पडद्यावर बरोबर पासवर्डही नाकारला जात असेल, तर बहुतेक वेळा मराठी चालू राहिलेली असते. ऑल्ट-शिफ्ट दाबून पुन्हा टाईप करा.

उच्चाराप्रमाणे, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना आयबस हा भाषा बदलायचा प्रोग्राम लागतो. आयबस-डेमन ही आज्ञा ‘एक्झेक’ने सुरू करा, तिच्यापुढे वजाचिन्ह आणि डी, आर, एक्स ही अक्षरं. आयबसमध्ये भाषा बदलायला विन आणि स्पेस ठरलेलं असतं, आणि आयथ्रीत तेच बटण तरंगत्या आणि मांडलेल्या विंडोंत ये-जा करतं. दोघांची टक्कर होते. आयबसच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलं बटण बदला.

फॉन्टचं सोपं आहे. फाइलमध्ये ‘फॉन्ट’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘पँगो’ कोलननंतर ‘मोनोस्पेस ८’ असतं. तिथे देवनागरी फॉन्टचं नाव आणि ११ आकार द्या. मी आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता वापरते. बारीक आकारातही त्यातल्या मात्रा आणि जोडाक्षरं स्पष्ट राहतात. टर्मिनलमध्ये मात्र मराठी मजकूर वाचायला जाऊ नका. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरं तुटतात, त्याला आयथ्री काही करू शकत नाही.

जे सोबत येत नाही

आयथ्री फक्त विंडो सांभाळतो. वायफायचं चिन्ह पट्टीत हवं तर नेटवर्क मॅनेजरचं ऍप्लेट बसवा, ते सुरू करायची ओळ मूळ फाइलमध्ये असते. आवाजाची बटणं बहुधा आपोआप चालतात. प्रकाश कमी-जास्त करायला ब्राइटनेसकंट्रोल, म्हणजे आज्ञेत ‘ब्राइटनेससीटीएल’, बसवून बटण जोडावं लागतं. सूचनांसाठी डन्स्ट आणि स्क्रीनशॉटसाठी फ्लेमशॉट मला पुरतात. हे एका बैठकीत करायला बसू नका. ज्या दिवशी जे अडेल ते त्या दिवशी लावा.

जुन्या लेखांत विंडोंमध्ये मोकळी जागा सोडायला आयथ्री-गॅप्स वेगळं बसवायला सांगितलेलं असतं. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ४.२२ आवृत्तीपासून ती सोय मूळ आयथ्रीतच आहे. लहान स्क्रीनवर मी ती लावत नाही, प्रत्येक ओळ वाचायला हवी असते. तुमची यंत्रणा वेलँडवर, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर, असेल तर स्वे हा आयथ्रीसारखाच विंडो मॅनेजर बघा. त्याची १.० आवृत्ती २०१९ ची, आणि आयथ्रीची फाइल त्यात बहुतांशी तशीच चालते. भाषेची ओळ मात्र वेगळी लिहावी लागते, सेटएक्सकेबीमॅप तिथे उपयोगाचं नाही.

फाइल स्वतःची असू द्या

भाच्याने मला त्याची तीनशे ओळींची फाइल प्रेमाने दिली होती. दिसायला सुरेख, पण काही अडलं की कुठली ओळ काय करते ते मला कळायचं नाही आणि त्याला कॉलेजात फोन लागायचा नाही. एका रविवारी ती बाजूला ठेवली, मूळ फाइलवरून सुरुवात केली, आणि ठरवलं की एका दिवशी एकच ओळ बदलायची. ओळीच्या वर हॅशचं चिन्ह देऊन ती कशासाठी घातली ते मराठीत लिहायचं. हॅशनंतरचं आयथ्री वाचत नाही. ‘शब्दकोश ३ वर उघडावा म्हणून’ असं लिहिलेलं सहा महिन्यांनी फार उपयोगी पडतं.

पहिले दोन आठवडे तुमचं काम हळू होईल. मजकूर द्यायची तारीख उद्यावर असेल तर लॉगआउट करून जुन्या डेस्कटॉपवर जा, काम संपवा, परत या. मी तीन वेळा गेले. घरातल्या दुसऱ्या कुणाला लॅपटॉप लागला तरी तोच रस्ता आहे, त्यांना मेन्यू असलेला डेस्कटॉप मिळतो.

गेल्या पावसाळ्यात तो थिंकपॅड भिजला आणि गेला. फाइलची प्रत पेनड्राइव्हवर होती. दुसऱ्या मशीनवर आयथ्री बसवला, फाइल त्याच फोल्डरात ठेवली, मुक्ता फॉन्ट घातला, मेलचा प्रोग्राम वेगळा होता म्हणून एक्सप्रॉपने नाव बघून ‘असाइन’ची एक ओळ बदलली, आणि मॉड, शिफ्ट, आर. भाचा मदतीला संध्याकाळी येणार होता. तो आला तेव्हा १ वर माझा मजकूर उघडा होता.